डाव्या हाताची बिडी

"हाताले नाव नसते, बाई," असं म्हणून ती समोरच्या बाईच्या सुपातली पानं आपल्या सुपात ओढून घ्यायची. डाव्या हातानं. जेवण तेवढं उजव्या हातानं, तेही लहानपणी आईनं चटके दिले म्हणून. बाकी सगळं डावं.

ती आमच्या गावच्या बिडी सट्टेदाराची बायको. सट्टेदार म्हणजे कारखान्याचा सट्टा, म्हणजे ठेका, घेऊन तिथून पानं आणि तंबाखू आणून आम्हा बायांना वाटणारा, आणि वळलेल्या बिड्या परत पोचवणारा. ही ऐंशी सालाच्या अलीकडपलीकडची गोष्ट. गाव तिला सट्टेदारीण म्हणायचं. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! नवरा ना कारखान्याचा नोकर, ना मालक. आमची नावं कारखान्याच्या हजेरीत होती. सट्टेदाराच्या घरच्यांचं नाव मात्र मजुरांत लावायचं नाही, असा कारखान्याचा दंडक.

तरी ती आम्हा सगळ्यांपेक्षा भरभर वळायची. मग त्या बिड्या जायच्या कुठं? ज्या बाईला दिवस गेलेत आणि बसवत नाही, तिच्या नावावर. हजेरी भरली तरच बाळंतपणाचा पगार मिळायचा ना. बाळंतपणाचा पगार, आणि तो बिडीवालीला! आमचा आधी विश्वासच बसला नव्हता.

नवरा घाबरट. "एखाद्या दिवशी माहा सट्टा घालवशील तू," म्हणायचा.

"गेला तर गेला. त्या सट्ट्यानं आपलं कोणतं लेकरू जगलं?" ती फटकन म्हणायची. तिची दोन लेकरं पोटातच गेली होती.

मला सातवा लागला आणि पाय सुजून खांबासारखे झाले. नर्सबाईनं दम दिला, उठायचं नाही. माझी पहिली खेप वाया गेलेली, आणि हजेरी अजून भरायची होती. मी रडकुंडीला आले. तिनं माझं सूप उचललं. "तू पड. हात माहा, नाव तुहं."

आता तुम्ही बिडी ओढत असाल तर एकदा नीट न्याहाळा. पान एकाच बाजूनं गुंडाळलेलं दिसेल. डावऱ्या माणसाची बिडी उलटी वळते. बिड्या तपासायला येणाऱ्या जुन्या चेकरनं कधी पाहिलं नाही, की पाहून डोळेझाक केली, देव जाणे. पण त्या साली तुमसरहून नवा चेकर आला. माझ्या नावाच्या बिड्यांतली एक त्यानं बोटांत फिरवली आणि सट्टेदाराच्या सपरीत, म्हणजे ओसरीवरच, बैठक मारली. "ही डावऱ्या हाताची आहे. घरची बिडी मजुराच्या नावावर घालता काय? बोलवा त्या बाईला. माझ्यासमोर वळू द्या."

मला धरून नेलं. सट्टेदाराची पाचावर धारण बसलेली. खोटं उघडं पडलं तर त्याचा सट्टा जाणार आणि माझी हजेरीही कापली जाणार.

तिनं माझ्यापुढं सूप सरकवलं. "माह्याजवळच शिकली जी हे. म्हणून माह्यासारखीच वळते."

बाई गं! मी तर उजवी. ती माझ्याकडं बघेना. कैची तेवढी पुढं केली, माझ्या डाव्या हाताकडं.

पान वाकडंतिकडं कापलं. अर्धी तंबाखू मांडीवर सांडली. पोटातलं लेकरू लाथा मारत होतं आणि चेकर हातांवरची नजर काढत नव्हता. मग मी डोळे मिटले. तिचा हात मी इतकी वर्षं शेजारी बसून पाहिला होता, तोच आठवला आणि बोटं तशी फिरवली. कसाबसा दोरा बांधला.

चेकरनं ती उचलली. फुगलेली, ढिली. पण उलटी वळलेली.

"छाट," म्हणून त्यानं ती बाजूला फेकली आणि उठला. आपली बिडी छाटात, म्हणजे बाद मालात, गेल्याचा एवढा आनंद मला जन्मात कधी झाला नाही. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत सट्टेदारीण गंभीर होती. मग पदर तोंडात कोंबून हसत सुटली. "अवो, बिडी व्हय का वांगं?"

मुलगी झाली. पगार मिळाला. माझ्या पैशाचं तूप मी खाल्लं, कोणाचे टोमणे न ऐकता.

तोवर तिलाही दिवस गेले होते. मी सूप घेऊन तिच्याकडं गेले. "आता तू पड. मी वळतो."

"वळ नं. टाकशील कोणाच्या नावावर?"

तिचं नाव होतंच कुठं? आणि सट्टेदाराच्या बायकोला बसवून कोण खायला घालणार? माझ्या पगारातले उरलेले पैसे तिच्यापुढं ठेवले, तर डाव्या हातानं परत सारले. "ते तुह्या पोरीचं आहे." आणि पुढचं पान घेतलं.

कळा सुरू झाल्या तेव्हाही मांडीवर सूप होतं. बैलबंडीनं तुमसरला नेलं. पोरगा वाचला, ती नाही. मला अजून संताप येतो, आणि कोणावर काढावा ते समजत नाही. त्याची आत्या घेऊन जाईपर्यंत त्या पोराला मी माझ्या मुलीबरोबर पाजलं.

भट्टीत शेकून, लेबल लागून बिडी दुकानात यायला महिना-दीड महिना जातो. एका दुपारी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नवं बंडल सोडलं आणि एक बिडी ओठांत धरून काडी ओढली. मी पोराला मांडीवर थोपटत होते. पदराआडून नजर गेली. पान उलटं वळलेलं होतं.

मामाजींशी मी कधी तोंड वर करून बोलले नव्हते. "मामाजी, ते नोका पेटवू."

"काहून वो?"

मी बिडीकडं बोट दाखवलं. त्यांनी बिडी ओठांतून काढली, फिरवून पाहिली, मग मांडीवरच्या पोराकडं पाहिलं. काडी विझवली. बिडी बंडलात परत खोचून त्यांनी ते माझ्याजवळ ठेवलं.

"ठेव हे. याच्या मायच्या हातची आहे," म्हणाले, आणि दुकानात दुसरं बंडल आणायला गेले.