साताऱ्याला जाऊन कबूल केलेली पापं

झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा, सन १९७६. जागा, मिरजेतल्या एका दवाखान्यातली खोली. हजर: खाटेवर आतोबा, उशाशी आत्या, दाराशी शेजारचे हवालदार, चपला हातात घेऊन, आणि मी. फादर यायचे होते, आणि ते येऊ नयेत अशी आतोबांची इच्छा होती.

देवाला भिणारी माणसं पुष्कळ असतात, पण देवाला, मरणाला आणि सख्ख्या पुतण्याला एकाच मापाने भिणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे आतोबा. माझ्या आत्याचे यजमान, रेल्वेतले निवृत्त गार्ड. सांगली-मिरजेच्या आमच्या मूठभर कॅथलिक घरांत त्यांच्याइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता आणि त्यांच्याइतका भाविकही नव्हता. त्यातलं एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, ते आत्यालाही संसारभर उमगलं नाही. तसे ते चोराला भीत नसत, सापाला भीत नसत, रेल्वेच्या साहेबाला तर मुळीच नाही. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात कंदील घेऊन एकटे बसून त्यांनी घाट काढले होते. भीती एकच: फादरपुढे पापनिवेदन करायच्या आत मरण आलं तर?

या एका 'तर'भोवती त्यांनी सगळं घर मांडलं होतं. अंघोळीला गेले तरी आतून कडी लावत नसत, का तर आत काही झालं तर फादरना शिरायला अडचण नको. त्यामुळे ते अंघोळीला गेले की घरातल्या बायका परसाकडे फिरकत नसत. प्रत्येक शर्टाच्या खिशात एक जपमाळ असे आणि धुण्याच्या दिवशी त्या सगळ्या माळा काढून खुंटीला अडकवणं हे आत्याचं पहिलं काम. शुक्रवारी आम्ही मांस वर्ज्य करून मासळी खायचो. आतोबा मासळीही खात नसत, कारण काटा घशात अडकून माणूस बोलायच्या आत जातो. ते पिठलं खात, आणि तेही गार करून. चांगल्या मरणासाठी संत योसेफाची प्रार्थना रोज संध्याकाळी मोठ्याने म्हणत आणि शेवटच्या ओळीवर आले की डोळे उघडून तसबिरीला बजावत, "पण घाई नाही, बरं का."

शेजारच्या हवालदारांनाही त्यांनी सूचना देऊन ठेवल्या होत्या. हवालदार फौजेतून परत येऊन उसाची शेती बघणारे, देवी यमाईचे भक्त, सरळ माणूस. मी रस्त्यात पडलो तर प्रथम फादरना बोलवायचं, डॉक्टर नंतर, असं आतोबांनी त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं. हवालदार एकदा वैतागून म्हणाले, "आवं गार्डसाब, आधी डागदर आला तर फादरची गरजच न्हाई पडायची. जरा इचार करा की."

आतोबांनी विचार केला आणि म्हणाले, "डॉक्टर चुकला तर?"

एवढी तयारी असलेल्या माणसाच्या नशिबी देवाने काय वाढून ठेवावं? त्यांचा पुतण्याच आमच्या चर्चला फादर म्हणून आला. थोरला भाऊ लवकर गेला, तेव्हा या पोराला आतोबांनीच वाढवलं होतं. त्याला पोहायला शिकवलं, पाढे शिकवले, आणि शिकवताना भरपूर बडवलंही. सेमिनरीत शिकून फादर व्हायचं म्हणाला तेव्हा आतोबांनी त्याच्याशी कित्येक महिने अबोला धरला. त्यांना तो रेल्वेत हवा होता. पुढे दीक्षेच्या दिवशी रीतीप्रमाणे सगळ्यांच्या रांगेत उभं राहून त्याच्या हातांचं चुंबनही घेतलं. घरी तो बाळू आणि चर्चमध्ये फादर, इथपर्यंत त्यांनी जुळवून घेतलं. पण त्याच्यापुढे गुडघे टेकून पापं सांगायची? "ज्याचा कान पिरगाळला त्याच्या कानात काय सांगू?" ते आत्याला विचारायचे. शनिवारी फादर पापनिवेदनाच्या लाकडी जाळीआड बसले की आतोबा फडकं घेऊन चर्चमधले बाक पुसत हिंडत. जाळीच्या जवळचा बाक तेवढा पुसायचा राहत असे.

म्हणून ते साताऱ्याला जात. तिथले म्हातारे फादर फार प्रेमळ आणि ठार बहिरे. आतोबा हळू सांगत आणि फादर जाळीआडून ओरडत, "काय? मेव्हण्याचा काय? हेवा? मोठ्यानं बोल, बाबा!" मग आतोबाही मोठ्याने बोलत आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या बायका आपापल्या पदराकडे बघत राहत. एकदा मी सोबत गेले होते. आतोबांच्या मेव्हण्याची, म्हणजे माझ्या वडिलांची, कुठली घड्याळं आणि कुठले कोट त्यांच्या मनात सलतात ते मला तिथेच कळलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, अख्ख्या साताऱ्याने ऐकलं की. ते प्रसन्न होते. "साताऱ्यात मला ओळखतं कोण?"

परतीचा प्रवास मात्र भयंकर. धुतलेला आत्मा निदान सांगलीपर्यंत तरी स्वच्छ न्यायचा म्हणून ते एसटीत डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून बसत. कुणी खिडकीची जागा बळकावली तरी गप्प. पायावर ट्रंक ठेवली तरी गप्प. पण त्या दिवशी कराडच्या अलीकडे पुढच्या खिडकीतून कुणीतरी पानाची पिंक टाकली, ती वाऱ्याने मागे आली, आणि आतोबांच्या तोंडून रेल्वेतली एक जुनी, दणकट शिवी निघून गेली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. कराडच्या स्टँडवर ते उतरले आणि समोर उभ्या असलेल्या साताऱ्याच्या गाडीत जाऊन बसले. मी पिशव्या घेऊन मागे. म्हाताऱ्या फादरनी त्यांना बघून विचारलं, "सकाळीच आला होतास ना रे?"

तर त्या रविवारी पहाटेच आतोबांच्या छातीत कळ आली. हवालदारांनी जीप आणली, आम्ही मिरज गाठली. डॉक्टरांनी सुई टोचली, मला बाजूला घेतलं आणि जवळच्या माणसांना बोलावून घ्या म्हणाले. मी कामं वाटून घेतली. आत्याने उशाशी बसायचं, मी साताऱ्याला ट्रंक कॉल लावायचा. कॉल लागला. म्हातारे फादर स्वतःच अंथरुणाला खिळलेले होते. त्या दिवशीच्या सणामुळे दुसरे कुणी फादर मोकळे असण्याची शक्यता नव्हती. मी हवालदारांना सांगलीला पिटाळलं, मिस्सा, म्हणजे सणाची उपासना, संपताक्षणी आपल्या फादरना मिरजेला यायला सांगा म्हटलं. निरोप ठेवून ते परतले.

आतोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला. सापाला न भिणाऱ्या माणसाचे दात वाजताना मी तेव्हा ऐकले. न सांगता मरायची भीती एका बाजूला, बाळूला सांगायची भीती दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये ती लोखंडी खाट. ते म्हणाले, "त्याला बाहेरच थांबव. मी बघतो थोडा वेळ कसं वाटतं ते."

फादर आले, झग्यावर रस्त्याची धूळ, हातात पवित्र तेलाची डबी. आतोबांनी मान भिंतीकडे फिरवली. "तू नको रे, बाळू."

फादरनी खुर्ची उचलली, खाटेला पाठ करून ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. "काका," ते म्हणाले, "मी इकडे बघतो. तुम्ही तिकडे बघा."

"आणि उद्या घरी आलास की? तुझ्या काकूसमोर?"

"इथलं मला कुणाला सांगता येत नाही. तुम्हालासुद्धा पुन्हा विचारता येत नाही."

आतोबांनी मान वळवून त्या पाठीकडे बघितलं. मग त्यांनी आम्हाला हाताने बाहेर जायची खूण केली.

आम्ही दार ओढून घेतलं आणि एका गोष्टीचं मला भान राहिलं नव्हतं ते ध्यानात आलं. साताऱ्याच्या सवयीने आतोबांचं पापनिवेदन व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं. "तो सेमिनरीला निघाला त्या दिवशी" एवढे शब्द आले आणि आत्याने घाईघाईने जपमाळ काढून मोठ्याने प्रार्थना सुरू केली. मी आवाज मिसळला. हवालदारांना प्रार्थना येत नव्हती. ते दाराकडे पाठ करून फौजेतल्या आवाजात भलत्याच ठिकाणी आमेन म्हणत राहिले. नर्सबाई दटावायला आल्या आणि आमचे चेहरे बघून परत गेल्या. पुढचं काहीच आम्ही ऐकलं नाही.

दार उघडलं तेव्हा आतोबांच्या कपाळावर तेल चमकत होतं. फादरनी चहा मागितला आणि तो न पिता हातात धरून बसले.

त्यानंतरच्या दिवसांत आतोबांनी मरणाचं नावही काढलं नाही. त्यांना नवीनच भीती लागली होती. साताऱ्याचे फादर प्रायश्चित्त म्हणून तीन वेळा 'नमो मारिया' म्हणायला सांगून सोडून द्यायचे. बाळूने सांगितलं, ईस्टरला माझ्याकडे जेवायला यायचं आणि मी रांधलेलं पोटभर खायचं. "त्याला साधा भात जमत नाही गं," ते मला काळजीने सांगायचे. "आमटीत मीठ किती टाकतो, विचारून ठेव."

ईस्टरच्या आधीच्या पुण्य गुरुवारी दुपारी ते झोपेत गेले. त्या दिवसांत मृतासाठी मिस्सा करत नाहीत, म्हणून नुसत्या प्रार्थना म्हणून उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, त्यांना माती दिली. ईस्टरला फादरनी स्वयंपाक केला होता, पण आम्ही कुणी गेलो नाही.

पुढे फादरची बदली नगरकडे झाली. त्यांचं म्हणणं, काकांच्या वाटचं काकूंनी येऊन जेवावं. मी सुट्टी बघते, गाडी बघते, सामान बांधते, आणि आयत्या वेळी आत्याचे गुडघे दुखतात. गेल्या खेपेस मी जरा रागावलेच. ती सावकाश पिशवीतलं लुगडं काढून परत घडी घालत म्हणाली, "त्यांचं इथलं सगळं उरकलं. एवढं एक जेवण राहिलंय. राहू दे की गं थोडे दिवस."

अजून जायचं आहे.