मामांचा कोट

आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांचं एक म्हणणं होतं. "पहिल्या गाण्याला लोक कपडे बघतात, दुसऱ्याला गाणारी बघतात, तिसऱ्याला त्यांना कळतं की आपण बेसूर आहोत. तोवर निम्मे जेवायला गेलेले असतात." म्हणून त्यांचा हुकूम असा, की एका हंगामात तोच पोशाख दोनदा दिसायचा नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीत राहायचो, कीबोर्ड वाजवायचो. स्टेजवर घालण्याजोगा माझ्याकडे एकच शर्ट, तोही काखेत उसवलेला. हात वर करून लोकांना टाळ्या वाजवायला लावायचं काम त्यामुळे मी गिटारवाल्याला देऊन टाकलं होतं.

आणि मग मी दर कार्यक्रमाला नवा दिसायला लागलो. मालक खूश, बाकीचे वादक जळून खाक. कारण आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझा बालमित्र त्याच्या सासऱ्याच्या लाँड्रीत काउंटरवर बसायचा. गिऱ्हाइकांनी धुवायला टाकलेले कपडे तो मला एका कार्यक्रमापुरते द्यायचा. "घाल गड्या. कपड्यांनाबी जरा गाणं ऐकू दे," म्हणायचा. "फकस्त सासऱ्याला कळू देऊ नगंस. मला काउंटरवरनं उठवून मागं इस्त्रीला उभा करंल."

आमचा नियम एकच होता, सांगलीचे कपडे सांगलीत घालायचे नाहीत. जतला डॉक्टरांचा सफारी, कवठे महांकाळला वकिलांचा सिल्कचा झब्बा. पाचगणीला तर एका नवरदेवाची शेरवानी. लग्न त्याचं, उद्घाटन माझ्या अंगावर. तेव्हा मला याचा अभिमान वाटायचा, काय सांगू.

साताऱ्याच्या रिसेप्शनला मित्रानं मरून रंगाचा, काळ्या मखमली कॉलरचा कोट काढला. मला खांद्यात जरा ढगळ होता, पण काय रुबाब!

"ह्याचा मालक घरात कार्य हाय म्हणून घाई करीत हुता," तो म्हणाला. "मी सांगितलं, मशीन बिघडलंय, शनिवारी मिळंल."

कसलं कार्य, कुठं कार्य, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. सातारा लांब आहे, एवढंच आमचं गणित. वऱ्हाड एसटीत बसून कुठंही जातं, हे डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या गाण्याला मला पहिल्या रांगेतले गृहस्थ दिसले. आजूबाजूला सगळे सुटाबुटात आणि हे तपकिरी स्वेटरमध्ये. गाणारीकडे बघायचं सोडून माझ्या छातीकडे टक लावून बसलेले. इतक्यात निवेदकानं पुकारलं, "आता नवरीचे मामा कलाकारांचा सत्कार करतील!" आणि तेच उठले. माझं बोट एकाच सुरावर अडकलं. ढोलकीवाल्याला वाटलं, मी काहीतरी नवीन करतोय. तोही मान हलवत साथीला लागला.

मामांनी माझ्या हातात नारळ दिला. मग दोन बोटांनी कॉलर चाचपली.

"कोट छान आहे. कुठं शिवलात?"

"सांगलीला."

"वाटलंच." ते जवळ सरकले. "सकाळी भाचीच्या मागं मामा म्हणून उभा राहिलो, तो या स्वेटरवर. बायको अजून बोलत नाही. जरा काढता का? घरच्या फोटोपुरता."

मी काढला. आत तोच शर्ट. बाहीतून हात काढताना काख उघडी पडली आणि बायकांची रांग तोंडाला पदर लावून हसली. मामांनी कोट चढवला. मामी धावत आल्या. "अगंबाई, अगदी तुमच्यासारखाच की हो!"

"माझ्यासारखा कसला," मामा म्हणाले, "पण बसतो मात्र मला."

फोटो झाला. त्यांनी कॉलर उलटून लाँड्रीच्या शाईची खूण मला दाखवली आणि कोट परत माझ्या हातात दिला. "घाला, गारठा आहे. शनिवारी येतो म्हणून सांगा त्याला." आणि जेवायला गेले.

एवढा एक निरोप द्यायचा होता. मी तो दिला नाही. दिला असता तर मित्रानं कपडे देणं बंद केलं असतं, आणि रविवारी कराडला कार्यक्रम होता. कोट परत करताना मी म्हणालो, "काय न्हाय, मजेत झालं."

शनिवारी लाँड्रीत येऊन मामांनी विचारलं, "माझा कोट कुठं फिरून आला का?" शेजारी सासरा उभा. मित्रानं छातीला हात लावला. "देवाशप्पथ, हँगरवरनं हलला न्हाई." मामा बहुधा थट्टेच्याच बेतानं आले असावेत. पण ही शपथ ऐकली आणि त्यांनी स्वेटरपासून नारळापर्यंत सगळं सांगितलं. त्याच दिवशी मित्र मागं इस्त्रीच्या टेबलाशी गेला. तिथं तो वर्षानुवर्षं उभा राहिला.

त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही. मीही रस्ता बदलला. लाँड्रीवरून जायचं टाळायला मी गावभर वळसा घालायचो आणि मालकांना सांगायचो, व्यायाम करतो.

आता त्याची स्वतःची लाँड्री आहे आणि माझ्याकडे पाच कोट. पाचही त्याच्याकडेच टाकतो. चार दिवसांच्या कामाला तो आठ दिवस लावतो. परवा निळा कोट आणायला गेलो, तर त्याला भडक अत्तराचा वास आणि बाहीवर अक्षतेचा एक दाणा चिकटलेला.

"धुतलाय न्हवं बरा?" माझ्या डोळ्यांत बघत त्यानं विचारलं.

"लय भारी," मी म्हणालो, आणि पुढचा कोट काउंटरवर ठेवला.