सगळ्यांचे अठरा

माझी मोठी नणंद दारातून आत आली की आधी तिचा वास येतो. स्पिरिट, फिनेल आणि त्याखाली मुरलेलं काहीतरी, ज्याचं नाव मला घ्यायचं नाही. ड्यूटीवरून ती थेट आमच्याकडे येते, चप्पल काढण्याआधीच समोर दिसेल त्याचं मनगट धरते आणि नाडी बघते. घरातले सगळे कौतुकाने हात पुढे करतात. मी पदराला हात पुसत स्वयंपाकघरात निघून जाते.

जेवायला बसली की तिच्या गप्पा सुरू. कुणाचा कफ हिरवा, कुणाचा गंजासारखा, कुणाच्या भांड्यात काय निघालं. माझा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहतो. एकदा तर ओट्यावर कोंबडी साफ करता करता तिने माझ्या मुलीला हाक मारली आणि रक्ताळल्या तळहातावर एकेक अवयव ठेवून दाखवला.

"हे हृदय. हे यकृत. माणसाला यात मेंदू, फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं धर. यातलं एक बसलं की बाकीचे फार दिवस कारभार रेटत नाहीत. हातपाय, नाकडोळे म्हणजे नुसतं सामान गं! नसलं तरी माणूस जगतो."

"पण आत्या, आतलं बिघडलं हे बाहेर कसं कळणार?"

"ते आतून कडी वाजवतात. ताप, नाडी, रक्तदाब, श्वास. आपण ऐकायचं."

मुलगी तोंड उघडं टाकून बघत होती. मी तो ओटा तीनदा घासला.

किळस वाटली तरी तिच्याबद्दल मनात आदर होता, हेही सांगायला हवं. सासरे अकाली गेले तेव्हा हिने कॉलेज सोडलं, नर्सिंगला गेली, धाकट्या भावाला म्हणजे माझ्या नवऱ्याला शिकवलं. लग्न राहूनच गेलं. तिशी उलटायच्या आत अख्खा वॉर्ड सांभाळायला लागली. नात्यात कुणी आजारी पडलं की पहिला फोन तिला. तिच्या शब्दावर पलंग मिळतो, डॉक्टर भेटतात. नवऱ्याच्या लेखी ताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मुलीचा ताप उतरेना, खोकला वाढला, तेव्हा वन्संनीच तिला आपल्या वॉर्डात घेतलं. "माझ्या डोळ्यांसमोर राहील," म्हणाल्या. मला हायसं वाटलं.

वॉर्डात पाय ठेवल्यापासून मात्र मी नाकावरचा पदर काढला नव्हता. पलंगाखालच्या बेसिनमध्ये कुणाची तरी ओकारी तशीच. मोरीच्या जाळीत केस आणि कापूस अडकलेला. वन्सं एका हाताने बेसिन सरकवत आणि दुसऱ्या हाताने बिस्कीट खात. फेरीला आल्या की बगलेत थर्मामीटर, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, दंडाला पट्टा. आकडे टॅबवर भरताना स्वतःशीच मोठ्याने बोलायची त्यांना सवय.

"श्वास अठरा." आणि पुढच्या पलंगाकडे.

छोटं इस्पितळ, लहानथोर सगळे एकाच वॉर्डात. शेजारी दम लागलेल्या आजी होत्या. "श्वास अठरा." समोर तान्हं बाळ, कुत्र्याच्या पिल्लासारखं धापा टाकणारं. "श्वास अठरा." संध्याकाळीही तेच. सगळा वॉर्ड जणू कवायतीला उभा असल्यासारखा एका तालात श्वास घेत होता.

"वन्सं, श्वास मोजलात कधी?" मी विचारलं.

"अहो वहिनी, त्याला यंत्र नसतं. मिनिटभर एकेकाच्या पोटाकडे टक लावून बसले तर बाकीच्यांना कोण बघणार? आम्हाला सिनियरांनी शिकवलं तेव्हापासून अठराच. सगळेच अठरा लिहितात."

"आणि श्वास बिघडला असला तर?"

"बंद पडला तर शून्य लिहीन हो!" त्या खळखळून हसल्या. बिस्किटाचा कण माझ्या हातावर उडाला.

मी मुलीचा फ्रॉक वर केला. पोट भरभर वरखाली होत होतं. दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, नाकपुड्या फुलत होत्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी मोजलं. चव्वेचाळीस. पुन्हा मोजलं. तेवढेच.

"ऑक्सिजन ठीक आहे, ताप उतरतोय," वन्सं म्हणाल्या. "तुमचा जीव मुळातच मुंगीएवढा."

"ताईला शिकवू नकोस," नवऱ्याने दबक्या आवाजात सुनावलं.

सकाळी डॉक्टर आले. टॅबवर नजर टाकली. "श्वास अठरा. छान. हिला आज घरी सोडू."

घरी नेऊन मी काय करणार होते?

"अठरा नाहीत," मी म्हणाले. "तुम्ही मोजा."

डॉक्टरांनी वन्संकडे पाहिलं. "सिस्टर?"

"मोजलाय मी, सर," वन्सं म्हणाल्या. पापणीही लवली नाही.

वॉर्डातल्या कुठल्याच घाणीने मला असं मळमळलं नव्हतं. माझ्या लेकीला मांडीवर खेळवलेली बाई, तिच्या उशाशी उभी राहून, तिच्याच जिवाबद्दल असं बोलत होती. मी फ्रॉक वर केला. डॉक्टर वाकले, आणि घड्याळात बघता बघता त्यांचे ओठ मोजायला लागले.

एक्स-रे झाला. फुफ्फुसाभोवती पू साठला होता. बरगड्यांमधून नळी घातली तेव्हा बाटलीत पिवळं, दाट, कुबट असं काही उतरायला लागलं. मी ते एकटक बघत बसले. जितकं उतरेल तितकं हवं होतं.

हळूहळू मुलगी सावरली. मग एका दुपारी वन्सं पलंगापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"चारचौघांत माझी अब्रू घालवलीत, वहिनी."

"तिच्या छातीत पू होता, वन्सं."

"मला तो बाहेरून दिसणार होता का?"

"कडी वाजत होती."

त्यांनी वाकून मुलीच्या पोटावर हात ठेवला, घड्याळाकडे पाहिलं आणि पूर्ण मिनिटभर, एकदाही मान न हलवता, मोजलं. मुलगी आत्याचा हात धरून हसत होती.

"चोवीस," त्या म्हणाल्या. "लहान मुलाला एवढे चालतात. झालं समाधान?"

झालं असतं. उशाशी बसलेल्या नवऱ्याने सुस्कारा सोडला, माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे मिटलं. वन्सं आजींच्या पलंगाकडे वळल्या, चिमटा लावला, पट्टा आवळला. आजींचे खांदे प्रत्येक श्वासाला कानापर्यंत चढत होते.

"श्वास अठरा."

मला शिसारी आली. आपल्या माणसापुरतं शिकली होती ही. मी उठले, आजींच्या छातीवरची चादर बाजूला केली आणि घड्याळाकडे बघायला लागले.

"वहिनी, तुमचं पेशंट तिकडे आहे," वन्सं म्हणाल्या.

"काय बघतेस गं?" आजींनी धापा टाकत विचारलं.

"श्वास, आजी. मिनिटभर बोलू नका."