मीनाच्या वजनाची गोणी

सगुणामावशीशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. गंगापूर धरणाच्या आमच्या काठावर मासेमारीच्या बारा होड्या आहेत. सगळ्या पत्र्याच्या, आणि बाराही तिच्या हातच्या. पत्रा ठोकायला ती बापाकडून शिकली. साठी उलटली तरी हातोडीचा घाव चुकत नाही, आणि जिभेचाही.

तिचा एक नेम आहे. पावसाळ्याची बंदी उठली की होडीत आधी माणूस बसत नाही, वाळूच्या गोण्या बसतात. जितकी माणसं जाणार तितक्या गोण्या, आणि प्रत्येक गोणी त्या त्या माणसाच्या वजनाची. गुडघाभर पाण्यात होडी तासभर तशीच ठेवायची. आत पाणी आलं नाही, तरच जाळं चढवायचं.

यंदा मला घाई होती. उशीर केला की चांगल्या जागा जातात. म्हणून आदल्या संध्याकाळीच मी सांध्यांवर डांबर फासलं. सकाळी होडी नव्यासारखी चमकत होती. माझ्यासोबत माझी बायको मीना येणार होती. तिला पोहता येत नाही.

"मावशी, यंदा गोण्या राहू दे. डांबर बघ की, कसं बसलंय."

"काल पाऊस व्हता ना रं, झुंबर?"

"भुरभुर होती. पत्रा पुसून घेतला मी."

"पुसला म्हणं! अन् सांध्याच्या आतली ओल कोणी पुसली?" तिने गोण्या चढवायला लावल्या. "पुढची तू. लय जाड झालाय. मागची मीना."

मीना हसली. माझं डोकं फिरलं. ज्यांच्या होडीचा तास भरला होता ते दुसरे दोघं डोळ्यांदेखत निघून गेले, आणि ही बाई काठावर निवांत तंबाखू मळत बसली होती.

अर्धा तास काही झालं नाही. मग मागच्या सांध्याचं डांबर साल निघावी तसं अख्खं सुटलं. मी धावेपर्यंत होडीचं मागचं टोक खाली टेकलं होतं आणि मीनाची गोणी पाण्याखाली गेली होती. मीना हसायची थांबली.

मावशी ओरडली नाही. "आधी तिला बाहेर काढ," एवढंच म्हणाली.

मी वाकलो, दोन्ही हात घातले, सगळा जोर लावला. भिजलेली गोणी माझ्या एकट्याच्याने निघाली नाही. गुडघाभर पाण्यातूनही निघाली नाही.