कठड्याजवळची जागा

लंबू हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण दुकानात येणारा जो तो त्याला त्याच नावाने हाक मारायचा. ताडमाड उंची आणि न्हाव्याचा धंदा. खुर्ची कितीही वर केली तरी वाकावंच लागे, आणि संध्याकाळपर्यंत कंबर बोलायला लागे. तरी गडी खुशीत असायचा, कारण आरशावरच्या फळीवरल्या स्पीकरवर दिवसभर त्याच्या लाडक्या बँडची गाणी चालू असत. एकदा ड्रमच्या जोरकस तुकड्यावर मान डोलली आणि एका गिऱ्हाइकाचा एक कल्लाच उडाला. मग दुसराही उडवावा लागला.

बँडची ही गोडी लावली ताईने, त्याच्या थोरल्या बहिणीने. ती टपाल कचेरीत काउंटरवर बसायची. उंचीला त्याच्या छातीपर्यंतही पोचत नव्हती. "घरातली सगळी उंची एकट्याने खाल्लीस," असं येताजाता त्याला ऐकवायची. त्या उन्हाळ्यात बँड गावाबाहेरच्या मैदानावर येणार म्हटल्यावर तिने परस्पर तिकिटं काढली आणि दुकानात येऊन त्याच्या नाकासमोर नाचवली.

"मात्र मंचापुढच्या कठड्याजवळ उभं राहायचं हं. मागून मला काय दिसणार, लोकांच्या पाठी?"

"ताई, गर्दी फार असेल गं."

"तू आहेस ना? खांबासारखा उभा राहा माझ्यामागे."

दोघं भर दुपारीच मैदानावर पोचले. ऊन मी म्हणत होतं. कठड्याजवळची जागा आधीच भरली होती, तरी ताईने कोपरं मारत मारत दोघांना पुढे नेलं. ऊन कलल्यावर बँड मंचावर आला आणि गिटारचा पहिला सूर निघाला. ताई लहान मुलीसारखी किंचाळली. लंबूच्याही अंगावर काटा आला. इतकी वर्षं फळीवरून ऐकलेली ती माणसं खरोखर समोर उभी होती.

दुसरं गाणं सुरू झालं तसा मागून लोंढा आला.

आधी नुसता धक्का बसला. लोक हसले. मग आणखी एक धक्का आला, आणि तो ओसरलाच नाही. लंबूचे दोन्ही हात अंगाशी दाबले गेले, ते वर काढता येईनात. छाती फुगवायलाही जागा उरली नाही. त्याचं डोकं निदान सगळ्यांच्या वर होतं, त्याला हवा मिळत होती. त्याने खाली पाहिलं. ताईचं तोंड कुणाच्या तरी पाठीत रुतलं होतं. दिसत होता तो फक्त भांग आणि घामाने चिकटलेले केस.

"ताई!"

तिची मान वर झाली नाही.

"मागे व्हा! माणूस मरतंय इथे! मागे व्हा!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. शेजारच्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं, त्याचं उघडं तोंड पाहिलं, खूश होऊन मान हलवली आणि स्वतःही गळा काढून गाऊ लागला. त्याला वाटलं, हाही गातोय.

चहूकडे हजारो तोंडं उघडी होती. त्यांतली कोणती गात होती आणि कोणती ओरडत होती, हे कुणाला कळणार? त्याने सगळा जोर लावून पाठ मागे रेटली, ताईपुढे बोटभर जागा व्हावी म्हणून. ती झाली की गर्दी लगेच गिळून टाकायची. तिचं डोकं हळूहळू एका बाजूला कलंडलं. पण ती पडली नाही. पडायलाही जागा नव्हती. लंबू रडत होता, ओरडत होता आणि रेटत होता.

तेवढ्यात ड्रम थांबला. उंचावर बसलेल्या ड्रमवाल्याला पुढच्या रांगेत काही वेगळं दिसलं असावं. तो काठ्या टाकून उभा राहिला आणि हात हलवू लागला. गायक माइकवर म्हणाला, "सगळे दोन पावलं मागे सरका. आत्ता. नाहीतर पुढे वाजणार नाही."

गर्दी सैल झाली. लंबूचे हात सुटले. त्याने ताईला काखेत धरून उचललं आणि लोकांच्या डोक्यांवरून कठड्यापलीकडच्या रखवालदारांच्या हाती दिलं, मागोमाग वाट काढत स्वतःही कठड्यावरून उडी टाकली. मंचाच्या बाजूला गवतावर तिला निजवलं. ओठ जांभळे पडले होते. एका नर्सने प्राणवायूची नळी लावली. लंबू तिथेच बसला, ताईच्या छातीवर नजर लावून. ती हलते का? हलली. पुन्हा हलली.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. "माझी चप्पल गेली रे," ती पुटपुटली.

लंबू हसायला गेला, तो हुंदकाच फुटला. कार्यक्रम नंतर पुन्हा सुरू झाला, पण त्याच्या कानात एक सूर शिरला नाही.

ताईच्या दोन बरगड्यांना तडा गेला होता. त्या सांधल्या. लंबूला मात्र कितीतरी दिवस वस्तरा धरवेना. "दाढी दुसरीकडे करा, फक्त केस कापतो," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. दुकानात पाचजण जमले की बाहेर पायरीवर जाऊन उभा राहायचा.

पुढच्या उन्हाळ्यात बँड पुन्हा आला. ताई मैत्रिणींबरोबर गुपचूप जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन सांगून मोकळी झाली. लंबू संतापला. कात्री आपटून म्हणाला, "अक्कल गहाण टाकलीस का? काही झालं असतं म्हणजे?"

"सगळ्यात मागे होते, फाटकाजवळ. काही म्हणजे काही दिसलं नाही."

तो बराच वेळ खुर्चीवरचे केस झटकत राहिला. मग तिच्याकडे न बघताच म्हणाला, "वाजवलं कसं?"


ताईने स्टूल पुढे ओढलं आणि पहिल्या गाण्यापासून सांगायला सुरुवात केली.