आत येताना वाजलेलं यंत्र

कामावर तिला सगळे ‘शंकाताई’ म्हणत, आणि ते नाव तिने कमावलेलं होतं. किरणोत्सर्गी आयोडीनच्या बाटल्या ती शिशाच्या जाड भिंतीआडून, लांब चिमट्यांनी भरायची. थायरॉइडच्या कर्करोगावरचं ते औषध. तिथे झाकण तीनदा तपासणारी बाई सोन्यासारखी. घरी मात्र त्याच सवयीने नवऱ्याच्या नाकी नऊ यायचे.

पण या वेळी संशयाला जागा होती. ऑफिसच्या कामाने बाहेरगावी गेलेला नवरा परत आला तो वेगळाच. झोपायला बाहेरची खोली. कप स्वतःचा स्वतः धुणार. ती शेजारी बसली की हा उठून खिडकीशी.

“सर्दी झालीये गं, तुला लागेल.”

एक शिंक नाही आणि म्हणे सर्दी! कुणीतरी आहे, तिने ठरवूनच टाकलं. इतक्या वर्षांचा माणूस हातचा जाणार, ही धास्तीच तिने घेतली.

त्या सकाळी गारठा होता, म्हणून खुंटीवरचा त्याचा मफलर गुंडाळून ती निघाली. तिच्या कामावर आत जातानाही किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्रासमोर उभं राहावं लागे. यंत्र ठणाणा बोंबललं.

“काल अंगावर काहीतरी घेऊन गेलात तुम्ही,” सुरक्षा अधिकारी म्हणाला.

“मी? काल जाताना हे गप्प होतं. तुमचं यंत्रच बिघडलंय.”

त्याने तिचे हात तपासले, कपडे तपासले, स्वच्छ. मग मफलर. “आयोडीन आहे. मफलर कुणाचा?”

“ह्यांचा,” ती म्हणाली आणि जागीच थिजली. आयोडीन घेतलेल्या माणसाच्या घामातून ते उतरतं. त्याने काही दिवस वेगळं झोपावं, कुणाच्या जवळ बसू नये, या सूचना तिला तोंडपाठ होत्या. चार महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली, तेव्हा ‘साधी निघाली’ म्हणून तोच हसत घरी आला होता. जगावर संशय घेणाऱ्या शंकाताईने तेवढ्या एका गोष्टीवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवला होता. साध्या गाठीला आयोडीन कोण देतं?

तिने फोन लावला. “अहो, गाठ साधी नव्हती ना?”

तो म्हणाला, “तू हाय खाशील, म्हणून…”

दुसरी बाई असती तर किती बरं झालं असतं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.