सरणाच्या लाकडांवर तापवलेलं पाणी

लोक म्हणतात, मी सासूची फार सेवा केली. म्हणू देत बापडे. मी काय करत होते ते माझं मला ठाऊक आहे. मी तिला मरू देत नव्हते, कारण तिच्या तोंडून मला एक शब्द ऐकायचा होता.

आमचं गाव तामलवाडीच्या जवळ, निजामाच्या राज्याच्या अगदी कडेला. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका ओलांडला की सोलापूरचा मुलूख. लग्न होऊन या घरात आले आणि दोन-तीन वर्षांतच माझा नवरा पटकीत गेला. दिवस-वार उरकले तशी सासूनं मला बोलावलं आणि सांगितलं, "सकाळच्या पारी माझ्यापुढं यायचं न्हाय. देवापुढं दिवा लागू दे, मंग ये." तेव्हापासून मी रोज उजाडायच्या आत उठून कडब्याच्या खोलीत जाऊन बसायची. आत दिवा लागला की थोरली जाऊ हाक मारायची आणि मग मी घरात पाऊल टाकायची. खरं तर सासूही विधवाच. पण तिचा नवरा म्हातारा होऊन गेला आणि माझा तरणाताठा. म्हणून तिचं कुंकू देवानं पुसलं आणि माझं मीच पुसलं, असं तिचं म्हणणं. तिच्या पोटच्या पोराला मी खाल्लं होतं.

पुढं दुखण्यांनी तिला घेरलं. ती लघवीला बसायची त्या जागी मुंग्या लागायला लागल्या. गाडीत गवत अंथरून तिला धाराशिवच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. दमा तर जुनाच होता. गुडघे धरलेले, पाय सुजलेले, डोळ्यांना सगळं धूसर दिसायचं, आणि उजव्या टाचेला एक जखम झाली होती, ती भरायचं नाव घेत नव्हती. गावातले म्हातारे हकीमसाहेब तिची नाडी बघायचे आणि मान हलवायचे. "एक बीमारी रहती तो दवा देता था बेटी, यां तो पूरी बरात आई है."

वरात खरीच होती, आणि त्यातल्या एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. दम लागला की उठवून बसवावं लागायचं, पण पाय खाली सोडून बसली की सूज पोटरीपर्यंत चढायची. अंगात ताकद नाही म्हणून येणारा-जाणारा गूळ-तूप द्या म्हणायचा, आणि गूळ म्हणजे तर तिला विष. जखमेला ऊन पाण्यानं बरं वाटायचं, पण पायाला चटका बसला तरी तिला कळायचं नाही, म्हणून पाणी आधी माझ्या कोपरावर घालून बघायचं आणि मग तिच्या टाचेवर. हे सगळं काम माझ्याकडं. दिवा लागल्यानंतर, अर्थात.

मग रझाकारांची धास्ती वाढली आणि गावातली माणसं बायका-पोरं घेऊन सरहद्दीपलीकडं जायला लागली. नाक्यावर गाड्या अडवत, म्हणून जायचं ते शेताशेतानं पायी. म्हातारी काय चालणार? तिच्याजवळ कोणी राहायचं, याचा विचार करायला थोरल्या दिराला क्षणभरही लागला नाही. "तुला लेकरू न्हाय, बाळ न्हाय. तू ऱ्हा. आठ-पंधरा दिवसांत आमी येताव."

जायच्या आदल्या दिवशी त्यानं परसात बाभळीची लाकडं आणून रचली. चांगली जाड, खडखडीत वाळलेली. मला वाटलं, चला, चुलीची तरी सोय केली. तर तो खाली बघत म्हणाला, "काय कमीजास्त झालंच तर ऐन येळंला धावाधाव नको. खांदा द्यायला चौघांना सांगून ठिवलंय." आई आत जिवंत होती, खोकत होती, आणि हा परसात तिचं सरण रचून मोकळा झाला होता. त्याच घडीला मी मनातल्या मनात त्याला अहोजाहो करायचं सोडलं.

आणि तिथंच ठरवलं, म्हातारी मरणार नाही. हे परत येतील तेव्हा ती यांच्यापुढं धडधाकट बसलेली असेल. आणि तोवर कुठल्या तरी सकाळी, दिवा लागायच्या आत, ती स्वतः मला 'ये' म्हणेल. पोरांनी तिला टाकलं, घरात माझ्याशिवाय माणूस नाही, मग जाईल कुठं?

ते सगळे रात्रीच निघून गेले. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी कडब्याच्या खोलीत गेलेच नाही. सरळ तिच्या अंथरुणाशी जाऊन उभी राहिले. पाऊल वाजल्याबरोबर तिनं डोळे गच्च मिटले.

"दिवा?" तिनं विचारलं.

"कोण लावणार, आत्याबाई? घरात तुम्ही आणि मी."

तिनं हात पुढं केला. "निरांजन हितं आण." डोळे न उघडता तिनं वात चाचपली, काडी ओढली. पहिली मोडली, दुसरी विझली. वात पेटल्याची धग बोटाला लागली, तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले. पुढं रोज हेच. पहाटे दम्याची उबळ आली की डोळे मिटूनच ती माझ्या अंगावर रेलायची, डोळे मिटूनच कफ टाकायची आणि मी भांडं धरायची. माझे हात चालत होते, माझा खांदा चालत होता. तोंड तेवढं चालत नव्हतं.

सरणातलं पहिलं लाकूड मी त्याच दिवशी पाण्याच्या चुलीत घातलं. बाभळीचा जाळ मोठा छान असतो. त्यावर कडुलिंबाचा पाला उकळून तिची टाच धुतली, तिला अंघोळ घातली, पाठ शेकली. रोज एकेक लाकूड ओढून काढताना मला दिराची आठवण यायची आणि हाताला जोर चढायचा. तिच्या पाठीशी मी धान्याचं पोतं लावलं आणि पायाखाली भुश्श्याची उशी दिली, म्हणजे छातीही वर आणि पायही वर. एका कुशीवर फार वेळ पडू दिलं नाही. साळीचा भात बंद केला. ज्वारीची भाकरी, मेथी आणि कारलं, एवढंच.

गुळासाठी ती लहान पोरासारखी रडायची. "एवढासा खडा दे गं, धाकटे. जीव चाललाय माझा." मी देत नसे. पथ्य होतं म्हणून देत नसे, आणि मला न देणं आवडायचंही. दोन्ही खरं आहे. तिची दया आली असती तर एखाद्या दिवशी मी खडा दिला असता आणि जखम चिघळली असती. माझ्या रागानं तिला जगवलं, असं मी सरळ सांगते.

पावसाळा लागला तरी पलीकडून कोणी आलं नाही. पण टाचेची जखम भरत आली. हकीमसाहेबांनी पाय उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडं बघून नुसते हसले. त्या संध्याकाळी तिच्या गुडघ्यांना तेल लावताना मी म्हणाले, "आत्याबाई, उद्या सकाळी मला हाक मारा. दिव्याआधी. एकदाच."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "लई केलंस तू माझं. पोटच्या पोरांनी केलं न्हाय एवढं. पर ते न्हाय व्हायचं. माझं लेकरू तुझ्यापायी गेलं."

मी तेल लावायचं थांबवलं नाही. जरा जोरानं चोळलं, एवढंच.

भाद्रपदात पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. पलीकडं गेलेली माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन परतायला लागली. एके दुपारी मी भांडी घासत होते, तर थोरला दीर परसदारानं आत आला. पहिली नजर गेली ती लाकडांच्या जागेकडं. तिथं ओली माती आणि थोड्या ढलप्या. तो मटकन खाली बसला आणि छाती बडवून घ्यायला लागला. "आई गं! मला तुझं तोंड बी दिसलं न्हाय गं!"

मी हातातलं भांडं घासत राहिले. त्याला पोटभर रडू दिलं. शेवटी आतून म्हातारीच ओरडली, "कोण मेलंय गं, धाकटे?"

तो छाती बडवायचा थांबला. "मग लाकडं?" त्यानं मला विचारलं.

"आत्याबाईंच्या अंघोळीला जाळली, भावजी. कोरडी होती, बरी पुरली."

त्याचं त्या वेळचं तोंड आठवलं की आजही मला गार वाटतं. एवढं सुख मला त्या घरात दुसरं मिळालं नाही. पण तेही घटकाभराचंच. तो आत जाऊन आईच्या पायांवर पडला आणि मी दारात कान देऊन उभी राहिले, की आता ही विचारेल, मला टाकून का गेलास? तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. "किती वाळलास रं, लेकरा. जेवलास का?" बस्स. संध्याकाळी जावेच्या हातची भाकरी खाऊन तृप्त झाल्यावर ती मला म्हणाली, "आता थोरली आली. उद्यापास्नं तू आपली सकाळी मागंच बसत जा."

मी "व्हय" म्हणाले. जावेला पथ्यपाणी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. लपवायची गरजच नव्हती. हे काम काय असतं ते तिचं तिला कळणारच होतं. आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत लुगड्यांचं बोचकं घेऊन मी घर सोडलं. माझं माहेर माकणीकडं, लांबचा पल्ला. परतणाऱ्या लोकांच्या गाड्या मिळत गेल्या.

दसरा झाल्यावर दीर मला न्यायला आला. एवढ्या लांब आला म्हणजे हालत काय झाली असेल, ते मी ओळखलं. मी ओसरीवर बसून एकेक विचारत गेले. टाच? कढत पाण्यानं भाजली, पुन्हा फुटली. गूळ? थोरली चोरून देते, म्हातारी रडते म्हणून. दम? आडवं होता येत नाही, बसवून ठेवायला कोणी नाही. थोरलीला वासानं उलट्या होतात. प्रत्येक उत्तर ऐकून मला बरं वाटत होतं.

"तुझ्याबिगर तिला कुणाचा हात चालत न्हाय. चल," तो म्हणाला.

"त्यांनी सकाळी, दिव्याआधी मला समोर बोलवावं. तुमच्यादेखत, जाऊबाईंच्यादेखत. असं त्या म्हणाल्या की मी आलेच."

तो गेला. हुरड्याच्या दिवसांत पुन्हा आला, आणखी खंगलेला. "ये म्हणली," तो दारातूनच म्हणाला.

"सकाळी?"

तो पटक्याचा शेव चाचपत राहिला. "दिवा लागल्यावर."

मी त्याला जेवू घातलं आणि वाटेला लावलं.

संक्रांतीच्या आधी ती गेली. निरोप आला तेव्हा मी जोत्यावर बसून इतकी रडले, की शेजारच्या बायका गोळा झाल्या. माझी आई म्हणाली, "येवढा जीव तुटतुया तर गेली का न्हाईस, बये?"

दिव्याआधी बोलावलं असतं, तर मी अनवाणी पळत गेले असते. आईला तेव्हा हेच सांगितलं आणि आजही हेच सांगते. तिनं बोलावलं नाही.